पत्त्याखालची ओळ

मित्रांनो, मला शोधणं अवघड नाही. दुकानात शिरलात की समोर काउंटर आहे. काउंटरवर काचेचा एक बुटका ग्लास आहे, त्याच्या तळाला ओला कापूस आहे, आणि त्या कापसात नाक खुपसून जो काळा, बिनटोपणाचा फाउंटन पेन उभा आहे, तो मी. वय विचाराल तर पन्नाशी कधीच उलटली. इतक्या वर्षांत मला कोणी विकत घेतलं नाही, कोणी बक्षीस म्हणून दिलं नाही, कोणाच्या शर्टाचा खिसा मला ठाऊक नाही. मी चाचणीचा पेन. गिऱ्हाइकाला निब हाताला कशी लागते ते बघायचं असेल, तर ती माझ्यात बसवतात. पसंत पडली की काढून त्याच्या पेनात घालतात आणि तो निघून जातो.

म्हणजे दांडी माझी, पोट माझं, जिच्यावरून शाई खाली उतरते ती आतली जीभही माझी. निब तेवढी माझी नाही. पेनाचं हे असं असणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगून कळेल की नाही कोण जाणे. सांगून बघतो.

निबवाल्यांच्या वडिलांनी मला लेथवर घडवलं, कठीण काळ्या रबराच्या कांबीतून. माझी तब्येत उत्तम जमली होती. पण टोपणाला आटे पाडताना ते उभं चिरलं. वडील म्हणाले, "चला, ह्याला इथेच ठेवू." एवढ्या एका वाक्यात माझ्या आयुष्याचा निकाल लागला. माझ्याबरोबर त्या आठवड्यात घडलेले बाकीचे अकरा पेन कुठे कुठे गेले. मी काउंटरवर राहिलो. वडील गेल्यावर मुलगा गादीवर बसला. त्याचं नाव आता कोणी घेत नाही, सगळा बाजार त्याला निबवाले म्हणतो, म्हणून मीही म्हणतो.

निबवाल्यांची एक रीत होती. गिऱ्हाइकाला ते सही करू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "सही हात झोपेतसुद्धा करतो. त्यावरून निब कळत नाही. लहानपणी राहत होता त्या घराचा पत्ता लिहा. आणि डोळे मिटून लिहा." लोक आधी हसायचे. मग डोळे मिटायचे, आणि हात आपोआप हळू व्हायचा. कोणी घर नंबरापाशी अडायचं. कोणी 'विहिरीच्या मागे, दुसरा जिना' एवढंच लिहून थांबायचं. एका गृहस्थाने पत्ता लिहिला, डोळे उघडले आणि निब न घेताच निघून गेला. असे हजारो पत्ते मी लिहिले आहेत, मित्रांनो. पण पत्त्याखाली जे लिहायचं असतं ते मी कधी लिहिलं नाही. संध्याकाळी सगळे कागद टोपलीत जायचे.

आता निबांविषयी सांगतो. हा विषय माझ्याइतका कोणाला कळत नाही, आणि ह्यात बढाई मुळीच नाही. लोकांना वाटतं सोन्याची निब गुळगुळीत चालते, कारण सोनं मऊ असतं. साफ चूक. सोनं कागदाला शिवतसुद्धा नाही. निब सोन्याची असो नाहीतर पोलादाची, तिच्या टोकाला एका तिसऱ्याच कठीण धातूचा कण जोडलेला असतो, आणि कागदावर घासतो तो कण. गुळगुळीतपणा त्या कणाच्या घासकामात असतो. धातूचा फरक कळतो तो वर, जिथे निब वाकते तिथे. पोलाद सरळ स्वभावाचं. कागदात जेवढे खडे तेवढे सगळे हाताला मोजून दाखवणार, दाबलंत तर फारसं दबणार नाही. टायटेनियम लवकर वाकतं, पण सावकाश उठतं आणि कागदाला जरा धरून चालतं. त्याची बारीक कुरकुर माझ्या अंगातून दांडीच्या शेवटापर्यंत जायची. आणि चांगल्या घडणीची सोन्याची निब हाताबरोबर खाली जाते, हाताबरोबर वर येते. उतरत्या रेघेत तिच्या दोन पाकळ्या जराशा उघडतात, शाई भरून येते, रेघ जाड होते. वर जाताना त्या मिटतात, रेघ बारीक होते. हाताला काही करावंच लागत नाही. अशी निब माझ्यात असली की मला वाटायचं, आज ही राहील. दुपारपर्यंत ती गेलेली असायची.

रोजच्या वापराला माझ्यात एक पोलादी निब असे. तिला सोन्याचा मुलामा दिला होता, आणि तो मुद्दाम. निबवाल्यांचं म्हणणं, माणूस डोळ्यांनी फसतो, पिवळं दिसलं की त्याला मऊ वाटायला लागतं. म्हणून सगळ्याच पिवळ्या ठेवायच्या आणि ओळखायचं ते बोटांनी. ते स्वतः निबेचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवायचे, डोळे मिटायचे, हलकेच दाबायचे आणि सांगायचे, ही सोनं, ही पोलाद. निबेवर धातूचा शिक्का असतो, अगदी बारीक. तो बघायचं भिंग ड्रॉवरमध्ये पडून होतं. "शिक्का वाचायला लागला तर तो निबवाला कसला," असं ते म्हणायचे. आणि खरंच, तीस वर्षांत ते एकदाही चुकले नाहीत.

त्या उन्हाळ्यात सिस्टर आल्या. चाळीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या, म्हणून निवृत्त झाल्यावरही सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. बोटांचे सांधे सुजून गाठाळले होते. रुमालात गुंडाळलेला मरून रंगाचा पेन त्यांनी काउंटरवर ठेवला. त्याची निब पडून वाकली होती.

"भाऊ, दर रविवारी मी ताईला पत्र लिहिते," त्या म्हणाल्या. "तिला ऐकू येत नाही, फोनचा उपयोग नाही. मोबाइल तिला खेळणं वाटतं. बॉलपेन दाबावा लागतो, मग दोन दिवस बोटं ठणकतात. मला असं काहीतरी द्या, की मी नुसता हात ठेवला की चाललं पाहिजे."

निबवाल्यांनी मला उचललं, निब बदलली, कागद पुढे केला. सिस्टरनी डोळे मिटले आणि पत्ता लिहिला. पोलादाला त्यांच्या कपाळावर आठी आली. टायटेनियमला त्या म्हणाल्या, "हे बरंय, पण हट्टी आहे." मग सोन्याची बसवली. त्यांनी पत्ता लिहिला आणि हात थांबलाच नाही. पत्त्याखाली, सवयीने, त्यांनी लिहिलं: 'ताई, गुडघा कसा आहे?'

मित्रांनो, माझ्या आयुष्यातली पत्त्याखालची ती पहिली ओळ. ती माझ्यासाठी नव्हती, ताईसाठीही नव्हती, नुसती चाचणी होती. तरी मला भरून आलं. माझ्या जिभेवरून एक थेंब जास्त उतरला आणि प्रश्नचिन्हाखालचं टिंब फुगलं.

"हीच," निबवाले म्हणाले. "गुरुवारी या. तुमच्या हाताला लावून देतो."

दोन दिवस ते त्या निबेवर बसले. सिस्टर पेन तिरका धरतात, म्हणून टोक त्या अंगाने घासलं. पाकळ्यांमधली चीर केसभर मोकळी केली, शाई मागावी लागू नये म्हणून. असं काम मी त्यांच्या वडिलांनंतर पाहिलं नव्हतं. गुरुवारी सकाळी शेवटची धुवायची म्हणून त्यांनी ती पाण्याच्या वाटीत टाकली. आणि माझी रोजची मुलाम्याची निबही काढून त्याच वाटीत टाकली, तिलाही महिन्याची अंघोळ हवी होती. दोन पिवळ्या निबा, एका मापाच्या, एका वाटीत.

मग निबवाल्यांनी दोन्ही पुसल्या, डोळे मिटले आणि एकेक नखावर दाबली. "ही," ते म्हणाले, आणि मरून पेनात पोलादी निब बसवली. उरलेली माझ्यात घातली.

मला ती बसताक्षणीच कळलं. तुम्ही विचाराल, मग गप्प का राहिलास? पेनाला आवाज नसतो हे एक कारण. दुसरं कारण सांगायला लाज वाटते, पण आता लपवून काय करायचं. मला आनंद झाला. पन्नास वर्षांत अशी निब माझ्या वाट्याला आली नव्हती आणि ह्या वेळी कोणी ती काढून नेणार नव्हतं.

सिस्टर घाईत आल्या. काउंटरवर दोन शब्द लिहून म्हणाल्या, "जरा कडक वाटतेय, नाही का?"

"नवी आहे. बसेल हाताला," निबवाले म्हणाले. "आठवडाभर लिहा."

हे वाक्य ते सगळ्यांना सांगायचे, आणि एरवी ते खरंही असायचं. सिस्टर मान डोलावून गेल्या.

तीस वर्षं न चुकलेला माणूस चुकला कसा, ते मला आधीच समजायला हवं होतं. त्या वर्षात मी एक गोष्ट पाहत होतो. समोरच्या टपरीवरून चहा यायचा, वाफाळता, ग्लास धरवणार नाही असा. निबवाले तो मुठीत धरून गप्पा मारत बसायचे. चहावाला म्हणायचा, "तुमचा हात आहे का पकड?" निबवाल्यांना त्याचं कौतुक वाटायचं. कामाने हात तयार झाला, असं ते समजायचे. घरी कोणी असतं तर विचारलं असतं. बायको जाऊन आठ वर्षं झाली होती आणि घरात ते नि त्यांची खाट, एवढाच संसार होता.

नंतरचे दोन-अडीच महिने दुकानात मोठी गंमत चालली. निबवाले माझ्याकडे बोट करून सांगायचे, "ही पोलादी. आता सोन्याची लावतो, फरक बघा." लोक डोळे मिटून पत्ता लिहायचे आणि म्हणायचे, पहिलीच जास्त चांगली होती. एक शिंपी आले होते. कापडाचा पोत बोटांनी ओळखणारा माणूस. ते म्हणाले, "मालक, ही पोलादी नव्हे. माझी पैज."

"मनाचे खेळ असतात हो," निबवाले म्हणाले. शिंपी गेल्यावर ते बराच वेळ धुसफुसत होते. मोबाइल घासून घासून लोकांची बोटं बोथट झाली, असं त्यांचं मत पडलं. पुढे पुढे ते गिऱ्हाइकाशी वादच घालू लागले, मग गिऱ्हाइकं कमी झाली. दुपार दुपार दुकानात आम्ही दोघेच. एक माणूस, ज्याला आपल्याला काय झालंय ते माहीत नाही, आणि एक पेन, ज्याला माहीत आहे पण सांगता येत नाही. आणि त्या निबेचा आनंद म्हणाल, तर तो पंधरा दिवस टिकला असेल. एवढी सुरेख निब, आणि लिहायचे काय, तर पुन्हा पत्तेच. शिवाय प्रत्येक रविवारी मला त्या ताईंची आठवण यायची. त्यांचं पत्र माझ्या नाकावर अडकलेलं होतं.

सिस्टर परत आल्या त्या एका मंगळवारी, भर दुपारी. रुमाल उघडून त्यांनी मरून पेन काउंटरवर ठेवला.

"हा ठेवून घ्या, भाऊ. लिहिणाऱ्या कोणाला तरी द्या. माझा हात गेला."

"म्हणजे?"

"तुमची निब चांगलीच असणार. मीच चार ओळी लिहिल्या की दाबायला लागते, अंगठा ठणकतो. आठवडाभर लिहिलं, तुम्ही सांगितलं तसं. मग महिनाभर लिहिलं. मग सोडलं." त्यांनी पर्समधून एक पत्र काढलं. "हे ताईचं आलंय. 'माझं काही चुकलं असेल तर तसं लिही. मी रोज दाराशी बसते, पण आता लोक विचारतात, म्हणून उद्यापासून आत बसेन.' असं लिहिलंय."

निबवाले म्हणाले, "दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यायचं."

"तेच नको होतं. माझं पत्र परक्या अक्षरात गेलं, तर तिला वाटेल मी गेले. पण आता इलाज नाही. तुम्ही लिहाल का? मी सांगते."

निबवाल्यांनी ग्लासातून मला उचललं. माझ्या पोटात शाई काठोकाठ होती. आधी त्यांनी पत्ता लिहिला, तोच, सिस्टरनी उन्हाळ्यात लिहिलेला. ताई अजून त्याच घरात राहत होत्या. आणि मग, मित्रांनो, आम्ही पत्त्याखाली गेलो. सिस्टर सांगत होत्या, निबवाले लिहीत होते, मी चालत होतो. हात दुखतो म्हणून पत्र नाही. रागावलेली नाही. कुंडीतलं लिंबाचं झाड जगलं. शेजारणीच्या मुलीचं लग्न ठरलं. पान भरलं. माझं पहिलं पान.

"नाव तरी तुमच्या हाताने घाला," असं म्हणून निबवाल्यांनी मला त्यांच्या हातात दिलं.

सिस्टरनी मला भीत भीत धरलं. ह्या दुकानाची रीत त्यांच्या लक्षात होती, त्यांनी डोळे मिटले. आणि नाव लिहायच्या ऐवजी त्यांनी लिहिलं, 'ताई, गुडघा कसा आहे?' मग अजून एक ओळ. मग अजून. मी जीव तोडून चाललो. त्यांना हवं तिथे वाकलो, हवं तिथे उठलो, शाई मागायची वेळ येऊ दिली नाही. चौथ्या ओळीला त्यांनी डोळे उघडले आणि स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.

"दुखत नाहीये," त्या म्हणाल्या.

निबवाले कागदाकडे बघत होते. सिस्टरच्या ओळींत उतरत्या रेघा जाड होत्या, चढत्या बारीक. त्यांच्या मुलाम्याच्या पोलादाने अशी रेघ कधी काढली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ड्रॉवर उघडला, तळातून भिंग काढलं, त्यावरची धूळ सदऱ्याला पुसली आणि माझ्या निबेवरचा शिक्का वाचला. मरून पेन उघडून त्याच्या निबेवरचा वाचला. पुन्हा माझ्यावरचा वाचला. टपरीवरून चहा आलेला होता, तो तसाच निवत राहिला.

"हात तुमचा नाही गेला, सिस्टर," ते म्हणाले. "माझा गेलाय. आणि मी अडीच महिने सगळ्या गावाला दोष देतोय."

सिस्टरनी काउंटरवरून निबवाल्यांचा उजवा हात ओढून घेतला, उताणा केला आणि म्हणाल्या, "डोळे मिटा."

निबवाल्यांनी डोळे मिटले. सिस्टरनी मला उलटं धरलं आणि माझं मागचं टोक त्यांच्या तर्जनीवर टेकवलं.

"कळतंय?"

"नाही."

मधल्या बोटावर. "हे?"

"नाही."

अंगठ्यावर, त्याच अंगठ्यावर, त्यांनी मला चांगलं दाबून धरलं. निबवाले वाट बघत राहिले. मग मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "लावलंय का काही?"

माझ्या पन्नास वर्षांत माझ्याकडून अशी चाचणी कोणी घेतली नव्हती. मला तिथून नाहीसं व्हावंसं वाटलं.

"उद्या सकाळी उपाशीपोटी रक्तातली साखर तपासायची," सिस्टर इस्पितळातल्या आवाजात म्हणाल्या. "मी येते बरोबर. आणि चहा निवल्यावर ग्लास धरायचा. बोटं बघितलीत का, किती ठिकाणी पोळलीत?"

त्यांनी बघितली नव्हती.

मग निबवाल्यांनी माझी निब काढली, ह्या वेळी भिंगातून बघत, आणि मरून पेनात बसवली. ती गेली. मला वाईट वाटलं का? वाटलं. खूप वाटलं. पण ती जिथे जायला हवी होती तिथे गेली, आणि तिने जाताना माझ्याकडून एक अख्खं पत्र लिहवून घेतलं होतं.

ताईंचं उत्तर दहा दिवसांनी आलं. सिस्टरनी ते दुकानात वाचून दाखवलं. 'वरचं परकं अक्षर बघून वाटलं, तू गेलीस. मग खालच्या चार ओळी दिसल्या. त्याच आधी वाचल्या आणि संध्याकाळपर्यंत त्याच वाचल्या. वरचं कोणी लिहिलं? अक्षर चांगलं आहे, त्याला सांग. गुडघा बरा आहे.'

निबवाल्यांच्या नसा साखरेने गेल्या होत्या. औषध सुरू झालं, पण गेलेलं परत येईल असं डॉक्टर म्हणाले नाहीत. दुकान आता आठवड्यातून दोन दिवस उघडतं. नवं काम ते घेत नाहीत. शिंप्यांकडे ते स्वतः गेले, पैज हरलो म्हणाले आणि चहा पाजून आले. निबा शिक्का बघून विकतात. भिंग काउंटरवरच असतं, माझ्या ग्लासाशेजारी. पत्ता लिहायला ते कोणाला सांगत नाहीत, कारण त्यांना आता त्यातून काही कळत नाही.

परवा एक गोष्ट झाली. दुकान रिकामं होतं. त्यांनी मला उचललं. माझ्यात पुन्हा तीच जुनी पोलादी आहे, सिस्टरकडून परत आलेली. त्यांनी कागद पुढे ओढला आणि उघड्या डोळ्यांनी, माझ्या टोकाकडे बघत, एकेक अक्षर जुळवत एक पत्ता लिहिला. तो मी ह्याआधी कधी लिहिला नव्हता. गल्ली, घर नंबर, आणि शेवटी 'लेथच्या कारखान्यामागे'. मग लक्षात आलं, हजारोंना लहानपणाचा पत्ता विचारणाऱ्या ह्या माणसाने स्वतःचा कधीच लिहिला नव्हता. पत्त्याखाली त्यांनी मला टेकवलं. मी तयार होतो. ते तसेच बसून राहिले. त्या घरात आता कोणी राहत नाही, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही. शेवटी त्यांनी मला ग्लासात ठेवलं. कागद मात्र टोपलीत टाकला नाही. तो काउंटरवरच आहे, भिंगाखाली.

मित्रांनो, पेन वापरून झाला की धुवा, त्याला टोपण घाला, तो कुठे आपटू देऊ नका, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. मी दुसरंच मागतो. पेन चालेनासा झाला तर आपल्या हाताला लगेच दोष देऊ नका, आणि हात चालेनासा झाला तर जगाला देऊ नका. कोणाला तरी तो हात दाखवा. आणि कधी एखाद्या दुकानात कोणी चाचणीचा पेन पुढे करून म्हणालं, लिहून बघा, तर पत्त्यावर थांबू नका. खाली एक ओळ लिहा, ज्याला लिहायची त्याला. मग तो कागद खिशात घालून घरी न्या आणि टपालात टाका.

पत्त्याखाली त्यांनी मला टेकवलं होतं, तिथे शाईचं एक टिंब उमटलं आहे. पुढचं लिहायला माझ्यात शाई आहे. मी वाट बघतो आहे.